फ्रेअरटाउनचे नाशिककर

मोंबासात मला सगळ्यात आधी शिकावं लागलं ते पाणी विकत घ्यायला. कुंभिवलीच्या माणसाला हे जडच जातं. आमच्या खालापूर तालुक्यातून पाताळगंगा वाहते, लोणावळ्याच्या तलावांचं पाणी टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून उतरून तिला येऊन मिळतं, आणि पावसाळ्यात तर खाचरातलं पाणी बाहेर कसं काढायचं हीच पंचाईत. कंपनीनं मशीन बसवायला केनियाला पाठवलं तेव्हा घरी आवणी चालू होती. रोपांच्या मुठी भावाच्या हवाली केल्या आणि निघालो. त्याच आठवड्यात मी मोंबासाच्या किसाउनी भागातल्या एका गल्लीत उभा होतो आणि पिवळ्या कॅनांची हातगाडी ओढणाऱ्या पोराशी वीस लिटरच्या भावावरून घासाघीस करत होतो. नळाला पाणी कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं, विहिरीचं पाणी मचूळ. आंघोळीला एक बादली, भांड्यांना अर्धी, असा हिशेब अंगवळणी पडायला थोडा वेळ गेला.

पोटाचं मात्र लगेच जमलं. मोंबासाच्या किनाऱ्यावर सकाळी जे खातात त्याला महामरी आणि मबाझी म्हणतात. महामरी म्हणजे वेलची आणि नारळाचं दूध घालून मळलेल्या, आंबवलेल्या पिठाची तळलेली तिकोनी पुरी. मबाझी म्हणजे आपली तूर. डाळ नव्हे, अख्खे दाणे, नारळाच्या दुधात मऊ शिजवलेले. तूर आणि ओला नारळ एका पातेल्यात पाहिल्यावर रायगडच्या माणसाला परकं वाटायचं कारणच उरत नाही. घरमालकीण रोज पहाटे नारळ खवायची ते मी खिडकीतून बघायचो. घडीचं एक बुटकं लाकडी बैठं, त्याच्या पुढच्या टोकाला दातेरी पातं. त्यावर आडवं बसायचं, नारळाची वाटी दोन्ही हातांत धरून पात्यावर फिरवायची, खाली ताटलीत पांढरा कीस पडत राहतो. मग कोमट पाणी घालून तो एका लांबट विणलेल्या पिशवीत भरायचा आणि पिळायचा. पहिलं दूध घट्ट, ते शेवटी घालायचं. दुसरं पातळ, त्यात तूर शिजवायची. आमच्याकडे सोलकढी करताना आई हेच करते, फक्त ती पंचा वापरते.

मी आलो होतो मशीन बसवायला. मिशनरी वगैरे विषय माझ्या डोक्यात असायचं काही कारण नव्हतं. पण मी राहत होतो त्या भागाचं नावच फ्रेअरटाउन, आणि ज्या चौकात रोज मटाटू, म्हणजे तिथली वडाप, पकडायचो त्याला केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. तिथे रस्त्याच्या कडेला खरंच घंटेचा एक छोटा जुना मनोरा आहे. भोवती टुकटुकांची ही गर्दी. त्यातल्या कित्येक बजाजच्या, म्हणजे आमच्याच महाराष्ट्रातून आलेल्या. घंटेबद्दल लोक सांगतात की गुलामांचे व्यापारी येताना दिसले की ती वाजवायचे. चर्चची वेळ, शाळेची वेळ, कामाची वेळ, तीही याच घंटेवर चालायची.

एका रविवारी सहज इमॅन्युएल चर्चच्या आवारात शिरलो. प्रार्थना संपून लोक बाहेर पडत होते. इथे कुठल्याही वयस्कर माणसाला आदरानं ‘मझे’ म्हणतात. तसे एक मझे बाकावर टेकले होते. कुठून आलात, विचारलं. मुंबईजवळून, म्हटलं, कर्जत-खालापूर काय सांगणार? म्हातारा एकदम सरळ बसला. म्हणाला, “बॉम्बे? मग तुम्ही आमच्या पणजीच्या गावचे.”

त्या एका वाक्यानं माझे पुढचे सगळे रविवार गेले.

रायगडच्या माणसापुढे आफ्रिकेचं नाव काढलं की तो मुरुडला जाऊन थांबतो. जंजिरा, सिद्दी, फार तर मलिक अंबर. हे लोक तिथून इकडे आले एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण एकोणिसाव्या शतकात काहीजण आले आणि परतही गेले. मधली वर्षं त्यांनी नाशिकमध्ये काढली आणि गेले ते मिशनचे शिक्षक, सुतार, लोहार, धर्मोपदेशक होऊन. इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणतात. माझ्या मते त्यांना नाशिककर म्हणायला हवं.

झालं होतं असं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे गुलाम नेणारी गलबतं इंग्रजांच्या लढाऊ बोटी अडवायच्या. सुटका झालेली माणसं, त्यात बहुतेक लहान मुलं, आणून ठेवायची कुठे? बरीच मुंबईला उतरवली गेली. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचं काम होतं. तिथे रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात शरणपूर ही वसाहत उभी केली आणि ही मुलं तिथे वाढू लागली. बाप्तिस्मा झाला, इंग्रजी नावं मिळाली. सकाळी शाळा, मग सुतारकाम, लोहारकाम, शेत. शाळेत इंग्रजी, बाहेर मराठी आणि हिंदुस्तानी. आईबापांची भाषा काहींना आठवत होती, काहींना नाही. मिशनच्या आवारातलं रोजचं जगणं, त्यातल्या गमती आणि जाच, हे मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे आतून माहीत आहे. पण ती पुढच्या पिढीची गोष्ट. शरणपूरच्या या आफ्रिकी मुलांना त्यांची लक्ष्मीबाई मिळाली नाही.

यातल्या काहींचा संबंध आफ्रिका पालथी घालणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनशी आला. लिव्हिंग्स्टन १८६४ मध्ये ‘लेडी न्यासा’ नावाची लहानशी आगबोट स्वतः हाकत हिंदी महासागर ओलांडून मुंबईला आला होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला आणि शेवटच्या सफरीसाठी नाशिकहून नऊ तरुण निवडून घेऊन गेला. चुमा नावाचा पोरगा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवला होता, तोही बरोबर. नाशिकच्या या पोरांच्या नावानं लिव्हिंग्स्टननं रोजनिशीत भरपूर बोटं मोडली आहेत. आळशी आहेत, मागे रेंगाळतात, वगैरे. शाळेत वाढलेल्या मुलांना एकदम रानात हाकलल्यावर दुसरं काय होणार? एक वाटेतच मेला, काही सोडून गेले. पण काही शेवटपर्यंत टिकले. १८७२ मध्ये आणखी सहाजण जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट, केरस फरार आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते.

१ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला. तिथे एकही गोरा माणूस नव्हता. काय करायचं ते या माणसांनी आपसांत ठरवलं. हृदय झाडाखाली पुरलं, मीठ लावून देह उन्हात वाळवला. प्रेतविधीची प्रार्थना वाचली जेकब वेनराइटनं, कारण ती त्याला शरणपुरात शिकवली होती. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानंच. मग तो देह सालीत गुंडाळून, रोगराई आणि दंगेधोपे चुकवत नऊ महिने चालत त्यांनी समुद्रापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला तेव्हा पेटीला हात लावणाऱ्यांत वेनराइट होता. चुमा आणि लिव्हिंग्स्टनचा दुसरा जुना सोबती सुसी यांना कुणी वेळेवर बोलावलंच नव्हतं, ते नंतर पोचले.

शाळेत लिव्हिंग्स्टन आणि त्याला शोधत गेलेला स्टॅन्ली मीही शिकलो. “डॉक्टर लिव्हिंग्स्टन असावेत” हे वाक्य कोण विसरेल? देह वाहून नेणाऱ्यांतले काहीजण शाळा शिकले ते नाशिकला, हे मला सांगितलं मोंबासाच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं.

आता फ्रेअरटाउन. सर बार्टल फ्रेअर १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते. फोर्टचा तट पाडला गेला तो त्यांच्याच काळात; फ्लोरा फाउंटनला आधी त्यांचं नाव द्यायचं घाटत होतं. पुढे इंग्रज सरकारनं त्यांना झांझिबारला पाठवलं आणि अखेर १८७३ मध्ये सुलतान बर्गशनं गुलामांचा बाजार बंद करायच्या करारावर सही केली. बाजार बंद, पण समुद्रात अडवलेली माणसं राहणार कुठे? फ्रेअरनी सुचवलं, किनाऱ्यावरच वसाहत करा, आणि ती उभी करायला नाशिकला तयार झालेली माणसं न्या. प्राइस साहेब इकडे आले, मोंबासा बेटासमोर जमीन घेतली आणि १८७५ मध्ये वस्ती सुरू झाली. दीडेकशे नाशिककर आले, त्यात लग्न झालेली जोडपी आणि मुलंबाळंही. शरणपूरचं आफ्रिकी खातं ओसरलं ते तेव्हापासून.

रोजचं आयुष्य कसं असेल याचा मी बराच विचार केला, कारण मी त्याच जागी पाण्याचे कॅन मोजत होतो. ही माणसं ‘घरी’ परतली, असं मिशनची पत्रकं म्हणायची. कसलं घर? बहुतेकांचं मूळ दूर आत, न्यासा सरोवराच्या बाजूला; मोंबासाचा किनारा त्यांना माझ्याइतकाच नवा. स्वाहिली अनेकांना नव्यानं शिकावी लागली. अंगात युरोपियन कपडे, तोंडात इंग्रजी आणि हिंदुस्तानी, हातात सुताराची हत्यारं. गलबतावरून सुटून आलेल्या नव्या माणसांच्या नजरेत हे साहेबच, आणि साहेबांच्या नजरेत हे नोकर. दोन्हीकडून मधल्यामधे. घरं बांधायची, शेतं आखायची, शाळा चालवायची, आजाऱ्याला बघायचं, भांडणं तोडायची, सगळं यांनीच. विलायतेतून आलेले मिशनरी तापानं पडायचे, काही मरायचे, काही परत जायचे. हे मात्र तिथेच राहत होते. तरी पगार आणि मान यांवरून कुरबुर कायम. गोऱ्या उपदेशकाला एक भाव, नाशिकच्या उपदेशकाला दुसरा. हे त्यांनी मुकाट्यानं सोसलं नाही, तक्रारी केल्या, हे मला आवडलं.

आपल्याकडे मिशनरी म्हटलं की लगेच धर्मांतराचा वाद निघतो आणि माणसं दोन बाजूंना बसतात. मला इथे कुठलीच बाजू घेता येईना. शरणपूरच्या मुलांना धर्म निवडायला मिळाला नाही हे खरं. नावही निवडायला मिळालं नाही. पण गलबताच्या तळात त्यांना कुणी काय विचारलं होतं? ज्यानं पोटाला घातलं त्याच्याच प्रार्थना म्हटल्या, आणि मोठं झाल्यावर त्या प्रार्थनेतल्या शब्दांना धरून आपला हक्क मागितला. असा मिशनरी मी आधी कधी कल्पिला नव्हता.

मझेंनी बजावलं होतं, इथलं पाहून परत जाल तर अर्धंच पाहाल, राबाईला जा. नैरोबी रस्त्यानं मझेरासपर्यंत मटाटू, तिथून फाट्यानं आत. समुद्राची दमट हवा मागे पडते, चढण लागते आणि माडांची बनं सुरू होतात. या माडांची माडी किनाऱ्यावर प्रसिद्ध आहे. सकाळी सकाळी सायकलींवर कॅन लावून ती खाली चाललेली असते. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थानं घरी येऊन चाखायचं आग्रहाचं आमंत्रण दिलं. मिशनच्या वाटेवर होतो म्हणून नाही म्हटलं, परतीच्या वाटेवर असतो तर सांगता येत नाही.

राबाईला योहान लुडविग क्राफ्ट हा जर्मन मिशनरी १८४०च्या दशकात येऊन राहिला. मोंबासात उतरल्यावर काही महिन्यांतच, जुलै १८४४ मध्ये, त्याची बायको रोझिन आणि नुकती जन्मलेली मुलगी तापानं गेल्या. त्यांची कबर न्यालीच्या बाजूला आहे. १८४६ मध्ये योहानेस रेबमान येऊन मिळाला. १८४८ मध्ये किलिमांजारोवर बर्फ पाहिलं असं त्यानं कळवलं तेव्हा विलायतेतल्या भूगोलतज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढलं. विषुववृत्ताजवळ बर्फ कसं असेल? हा रेबमान एकोणतीस वर्षं मायदेशी फिरकलाच नाही. शेवटी आंधळा झाला. त्याच्या हाताखाली बाटलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, तरी उठला नाही. त्याचं आणि क्राफ्टचं घर अजून उभं आहे. जाड भिंती, बुटकी दारं. शेजारच्या जुन्या इमारतीत छोटं म्युझियम आहे.

मागच्या बाजूला डोंगरावर दाट झाडी दिसली. मिजिकेंडा लोकांची ती ‘काया’. तिथे लाकूडतोड नाही, वाटेल तसं जायचं नाही, पूर्वजांची जागा. आमच्या कर्जतच्या डोंगरात ठाकरांच्या देवराया आहेत तशीच. अशा कायांना २००८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. चर्च पायथ्याशी आणि काया वर, दोन्ही दीडशेहून जास्त वर्षं शेजारी नांदताहेत. क्राफ्टला बसायला जागा दिली ती याच लोकांच्या म्हाताऱ्यांनी, हे लक्षात ठेवायला हवं.

राबाईचा खरा माणूस मात्र विल्यम जोन्स. शरणपूरला वाढलेला. १८६४ मध्येच तो आणि इश्माएल सेमलर रेबमानच्या मदतीला आले होते. पुढे राबाईचा कारभार बराच काळ जोन्सच्या हाती होता. १८८०च्या दशकात किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्याकडे येऊ लागले. कायद्यानं ते मालकांचे. मिशनचा अधिकृत हुकूम, पळालेल्यांना आसरा देऊ नका. जोन्स स्वतः गुलामांच्या गलबतावरून आलेला, तो कुणाला परत पाठवणार? झोपड्या वाढत गेल्या. मळेवाले चवताळले, मिशनवर चालून यायच्या गोष्टी होऊ लागल्या. अखेर ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझीनं मालकांना पैसे मोजले आणि १ जानेवारी १८८९ला चौदाशेच्या आसपास माणसांना सुटकेचे दाखले मिळाले. श्रेय कंपनीला गेलं.

१८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टननं जोन्स आणि सेमलर यांना डीकनची दीक्षा दिली. केनियाच्या भूमीत हा मान मिळालेले हे पहिले आफ्रिकी. त्याच वर्षी बिशपनं युगांडाची वाट धरली आणि जोन्सला बरोबर घेतलं. वाटेत बिशप पन्नासेक माणसं घेऊन पुढे गेला, उरलेला तांडा जोन्सच्या स्वाधीन करून. २९ ऑक्टोबरला राजा म्वांगाच्या हुकमानं बिशप मारला गेला. बातमी घेऊन चारच माणसं परत आली. जोन्सवर कुणाचा विश्वास बसेना. तांड्याची कुजबुज, अन्न संपत आलेलं, पुढे जीवाला धोका, मागे मसाई मुलूख. १८८६च्या सुरुवातीला तो तांडा घेऊन राबाईला पोचला. पुढे निळं निशाण, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘इखाबोद’, बायबलमधला शोकाचा शब्द: वैभव गेलं. वाट बघत उभ्या असलेल्या बायकांना निशाण दिसलं तेव्हाच काय ते कळलं.

हॅनिंग्टनला हुतात्मा म्हणून चर्चच्या दिनदर्शिकेत जागा आहे. तांडा परत आणणाऱ्या जोन्सला नाही. फ्रेअरनी फ्रेअरटाउनची एक वीटही रचली नाही, नाव मात्र त्यांचं लागलं. मुंबईनं तर त्यांचं नाव कारंज्यालासुद्धा दिलं नाही.

मशीन चालू झालं, मी परतलो. भात तोवर पोटरीत आलं होतं. दिवाळीआधी कल्याणला गाडी बदलून कसारा घाटानं नाशिकला जाऊन आलो. शरणपूर रोडवर आता बँका, दवाखाने, कपड्यांची दुकानं. सेंट अँड्र्यूज चर्च आहे, शांत आणि नीटनेटकं. रिक्षावाल्याला विचारलं, इथे पूर्वी आफ्रिकेची मुलं शिकायची, माहीत आहे का? तो म्हणाला, “काका, आताही शिकतात की, कॉलेजात.”

मोंबासाला तुमचं कुणी कामानिमित्त जात असेल तर त्याला एक रविवार फ्रेअरटाउनसाठी आणि एक दिवस राबाईसाठी काढायला सांगा. खर्च मटाटूच्या भाड्याएवढा. आणि नाशिककरांना विनंती, शरणपुरात एक पाटी लावा. जेकब वेनराइट, केरस फरार, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि मॅथ्यू वेलिंग्टन, जो १९३५ पर्यंत जगला आणि मोंबासातच वारला. निदान एवढी नावं तरी मराठीत लिहा.